शाळेतलं किती लिहायचं, किती फाईलमध्येच ठेवायचं

प्रश्न: सर, मी गंगाखेडची. परभणीला बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. जालन्याच्या एका बियाणे कंपनीत लॅबसाठी ट्रेनी घेणार आहेत, त्यासाठी बायोडाटा करतेय. शाळेत मी बरंच काही केलं. पाचवीला स्कॉलरशिप, आठवीला एनएमएमएस (केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा), चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट, सातवीत मुक्तिसंग्राम दिनाच्या वक्तृत्व स्पर्धेत तालुक्यात दुसरी, सहावी ते आठवी कबड्डी (जिल्ह्यापर्यंत), आठवीत इन्स्पायर अवॉर्डला निवड, स्काऊट-गाईडमधलं गाईड, अबॅकस, ऑलिम्पियाडचं गोल्ड मेडल. २०१६ ला आजोळी, अंबाजोगाई तालुक्यात, पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेचं श्रमदानही केलं. नववीत कोरोना आला, अकरावी-बारावीत नुसता अभ्यास. कॉलेजात दोन वर्षं एनएसएस, बाकी काही नाही. मैत्रीण म्हणते दहावीच्या आधीचं काहीच लिहू नको, लोक हसतात. मामा म्हणतात सगळं लिही, कष्टानं मिळवलंय. काय करू? (घरचं कृषी सेवा केंद्र आहे, शाळा बंद होत्या तेव्हापासून तिथं बसते, पण ते काही ॲक्टिव्हिटीत येत नाही.) आणि गाईडच्या सर्टिफिकेटवर माझं नाव चुकलंय, ते चालेल का?

उत्तर:

तुझ्या प्रश्नातली सगळ्यात कामाची ओळ तू कंसात टाकलीस. अर्ज करतेस बियाणे कंपनीच्या लॅबसाठी, बसतेस बियाण्याच्या दुकानात, आणि म्हणतेस की ते कशात येत नाही. बाकीच्या यादीचं बघू, आधी ते दुकान कंसातून बाहेर काढ.

मैत्रीण आणि मामा दोघंही चुकीची गोष्ट मोजताहेत. एक वर्ष मोजतेय, दुसरे कष्ट. मी आधी संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्याच्या कंपन्यांत भरतीचं काम केलं, आता कॉलेजात मुलांचे बायोडाटे तपासतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी एवढंच दिसलं की शाळेतली गोष्ट जुनी आहे म्हणून कुणी ती खोडत नाही आणि कष्टाची आहे म्हणून कुणी तिला गुण देत नाही. वाचणारा दोनच गोष्टी बघतो. त्या गोष्टीचा धागा आजच्या तुझ्यापर्यंत किंवा समोरच्या कामापर्यंत पोचतो का? आणि त्यावर दोन प्रश्न विचारले तर तुला बोलता येतं का? दोन्हींना हो असेल तर ती चौथीतली का असेना, लिही. एकालाही नाही असेल तर ती बारावीतली असली तरी जागा अडवते. फ्रेशरचा बायोडाटा एका पानाचा असतो. त्यात शिक्षण, प्रोजेक्ट, लॅबमधली कौशल्यं आणि पत्ता गेला की उपक्रमांना चार-पाच ओळी उरतात. दहा गोष्टी कोंबल्या तर वाचणारा एकही वाचत नाही.

आता दुकान. मृग लागला की कृषी सेवा केंद्रात काय चालतं ते मी पाहिलंय. शटर उघडायच्या आधी माणसं उभी असतात. एकाला अमुकच वाण पाहिजे, एकाला उधारीवर पाहिजे, एकाला गेल्या वर्षीची उरलेली पिशवी परत करायची असते. बिलावर पीक, वाण, लॉट नंबर (पिशवी बियाण्याच्या कुठल्या खेपेतली ते सांगणारा क्रमांक) लिहावा लागतो, साठा रजिस्टर भरावं लागतं, दराचा आणि शिलकीचा फलक लावावा लागतो. १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशानं विक्रेत्यावर ही बंधनं टाकली आहेत, आणि कृषी विभागाचा निरीक्षक ती तपासायला येतो. पेरणी होऊन आठ-दहा दिवस गेले की दुसरी गर्दी सुरू होते. सोयाबीन उगवलं नाही म्हणून शेतकरी रिकामी पिशवी आणि बिल घेऊन येतो. मग तो लॉट अजून कुणाकुणाला गेला, त्यांच्याकडे उगवण कशी आहे, हे रजिस्टर काढून बघावं लागतं.

बियाण्याच्या लॅबमध्ये माणूस दिवसभर दुसरं काय करतो? नमुना, लॉट नंबर, नोंद, निकाल. तू ते काउंटरच्या या बाजूनं पाहिलंस. तुझ्यासोबत अर्ज करणाऱ्या बहुतेकांना लॉट नंबर म्हणजे काय हे ट्रेनिंगमध्ये शिकवावं लागणार आहे.

त्यामुळे ही ओळ उपक्रमात जाणारच नाही. वर "कामाचा अनुभव" असा मथळा कर आणि त्याखाली साध्या शब्दांत लिही: "कृषी सेवा केंद्र, गंगाखेड (घरचा व्यवसाय), २०२० पासून. खरीप-रब्बी हंगामात बिलं करणं, बियाण्याच्या लॉटनिहाय साठा-नोंदी ठेवणं, उगवणीच्या तक्रारी नोंदवून कंपनीच्या प्रतिनिधीला कळवणं." यातलं जे तू खरंच करतेस तेवढंच ठेव. रजिस्टर वडीलच भरत असतील तर ते काढून टाक, बिलं राहू दे. मुलाखतीत हमखास विचारतील की सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवणक्षमता किमान किती लागते. ७० टक्के हे उत्तर सगळे पाठ करून येतात. तू त्यापुढं सांगू शकतेस की शेतकरी घरचं बियाणं ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून कसं तपासतात, आणि दुकानात आलेल्या तक्रारींत बियाणं खरंच खराब किती वेळा निघतं आणि पेरणी खोल गेल्यानं किंवा पाऊस दडी मारून बसल्यानं घोळ किती वेळा होतो. पाहिलेलं सांग, पुस्तकातलं तेही वाचून आलेत.

हे फक्त दुकानाचं नाही. आपल्याकडची लेकरं घरची कामं लिहीतच नाहीत. बीडकडचा एक मुलगा बी.कॉम. करून अकाउंट्सच्या जागेसाठी बायोडाटा घेऊन आला होता. हॉबीज म्हणून "रीडिंग, ट्रॅव्हलिंग, लिसनिंग टू म्युझिक". झेरॉक्स सेंटरवाल्याच्या कॉम्प्युटरमध्ये जो साचा असतो तोच. ट्रॅव्हलिंग म्हणजे कुठं जातोस विचारलं तर म्हणाला, "सर, कुठं नाही, कारखान्यावर." आई-वडील ऊसतोडीला जायचे, नववी-दहावीच्या हंगामात हा टोळीच्या वजनाच्या पावत्या सांभाळायचा. कुठल्या कोयत्याचा (म्हणजे तोडणाऱ्या जोडप्याचा) किती टन ऊस गेला, कुणाची आगाऊ घेतलेली उचल किती फिटली, कुणाची अंगावर राहिली, सगळं एका वहीत. टोळीतल्या मोठ्या माणसांची त्याच्या वहीवरून भांडणं मिटायची. आणि हे बायोडाट्यात कुठंच नाही! आम्ही ट्रॅव्हलिंगची ओळ खोडली आणि तिथं ही लिहिली. कीव येईल असं एक अक्षरही लिहिलं नाही, फक्त काम लिहिलं. गरिबीची कथा सांगून नोकरी मागू नये, पण गरिबीत केलेलं कामही लपवू नये.

तुझी अडचण एकटीची नाही, हेही सांगतो. लातूर, नांदेड, संभाजीनगर, परभणी कुठंही जा, आपल्या मुलांच्या उपक्रमांची यादी दहावीला येऊन थांबते. लातूर पॅटर्ननं मराठवाड्याला डॉक्टर-इंजिनिअर दिले हे खरं, पण सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी टेस्ट सिरीज या चाकोरीत अकरावी-बारावीची दोन वर्षं कोरी जातात. मैदान सुटतं, गाणं सुटतं, चित्राची वही माळ्यावर जाते. तुमच्या बॅचचं तर त्याआधीच कोरोनानं नववी-दहावी खाल्ली. म्हणजे ज्या वर्षांत काही लिहिण्यासारखं घडतं, नेमकी तीच नाहीत. ही मोकळी जागा बघून घाबरायचं नाही. इथल्या मुलाखती घेणाऱ्यांना ती ठाऊक असते. ती भरायला खोटं लिहायचं नाही आणि ती झाकायला पाचवीपासूनचं सगळं वर ओढून आणायचंही नाही.

यादीकडं येऊ.

स्कॉलरशिप आणि एनएमएमएस हे उपक्रमच नाहीत, शैक्षणिक यश आहे. त्यांची जागा शिक्षणाच्या मथळ्याखाली. पाचवीची स्कॉलरशिप काढ. त्यानंतर तू दहावी, बारावी आणि पदवीची दोन वर्षं पार केलीस, पाचवीची हुशारी आता मार्कमेमोवर दिसायला पाहिजे. एनएमएमएस ठेवायला हरकत नाही, कारण ती आठवीत परीक्षा देऊन मिळते पण नववी ते बारावी चार वर्षं चालते, वर्षाला १२,००० रुपये, आणि टिकवण्यासाठी दरवर्षी गुण राखावे लागतात. उत्पन्नाची अट असल्यामुळे वाचणाऱ्याला न सांगता हेही कळतं की ही मुलगी स्वतःच्या गुणांवर शिकली. बारावीच्या ओळीखाली एवढंच: "एनएमएमएस शिष्यवृत्ती, इ. ९वी ते १२वी." नवोदयवाल्या मुलांनाही मी हेच सांगतो. तुळजापूर किंवा कन्नडच्या नवोदयमध्ये शिकला असशील तर शाळेचं नावच पुरेसं, सहावीच्या प्रवेश परीक्षेची वेगळी ओळ नको. हां, नववीत वर्षभर दुसऱ्या राज्यातल्या नवोदयमध्ये राहिला असशील तर ते मात्र लिही. चौदाव्या वर्षी परक्या भाषेत वर्ष काढलेला मुलगा फिरतीच्या नोकरीला चालतो, हे सेल्सवाल्यांना लगेच कळतं.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट काढ. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात, बहुतेक मुलं त्यासाठीच ती परीक्षा देतात आणि तिचं काम तिथं संपतं. तू आर्किटेक्चरला, उपयोजित कलेला किंवा पॅकेजिंग डिझाईनला अर्ज करत असतीस तर मी उलट सांगितलं असतं, तिथं इंटरमिजिएट पहिल्या तीन ओळींत आली असती. लॅबमध्ये ती कुणी बघणार नाही.

अबॅकस आणि ऑलिम्पियाडचं गोल्ड मेडल: दोन्ही बिनदिक्कत काढ. मामांना वाईट वाटेल, पण खासगी परीक्षांत वर्गातल्या पहिल्याला गोल्ड मेडल देण्याची पद्धत सर्रास आहे आणि मुलाखत घेणाऱ्याच्या स्वतःच्या घरी तसली दोन-तीन मेडलं खिळ्याला लटकत असतात. (सगळे ऑलिम्पियाड तसे नाहीत. होमी भाभा केंद्रामार्फत जी विज्ञान-गणिताची ऑलिम्पियाडं होतात, त्यांच्या पुढच्या टप्प्यापर्यंत कुणी गेलं असेल तर ते आयुष्यभर लिहावं.)

इन्स्पायरवर थांबू, कारण यात तुझ्याकडे काहीतरी आहे आणि तू ते वाया घालवतेस. "इन्स्पायर अवॉर्डला निवड" या तीन शब्दांतून काहीच कळत नाही. तुझ्या वेळी योजना सहावी ते दहावीच्या मुलांसाठी होती. शाळा कल्पना पाठवते, निवडलेल्या मुलाच्या खात्यात मॉडेलसाठी १०,००० रुपये येतात, मग जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी प्रदर्शनं. हे वाचणाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही, पण त्याला योजनेशी देणंघेणं नाही, मॉडेलशी आहे. काय केलं होतंस? तुझ्या वर्गातल्या कुणी ना कुणी कापसातून कवडी वेगळी करायची पेटी केली असेल, कुणी पेरणीच्या खोलीचा मापक. तुझं शेतीशी किंवा सूक्ष्मजीवांशी दुरूनही जोडलेलं असेल, आणि ते तू स्वतः केलं असेल, तर ठेव आणि असं लिही: "इन्स्पायर मानक, इ. ८वी: अमुक अडचणीवर अमुक मॉडेल, जिल्हास्तर." विज्ञानाच्या सरांनी केलं आणि तू फक्त शेजारी उभी राहिलीस असं असेल, आपल्याकडे होतं तसं, तर काढ. "कुठला भाग चालला नाही आणि मग काय बदललं?" या एका प्रश्नात ते उघडं पडतं.

कबड्डी. सहावी ते आठवी, जिल्ह्यापर्यंत, मग बंद. मी ही काढली असती. मात्र आधी एक विचारतो, तू पुन्हा खेळायला लागलीस का? कॉलेजच्या संघात नसलीस तरी गावातल्या मुलींचा सराव घेतेस का? घेत असशील तर ओळ फिरवून लिही. "कबड्डी: जिल्हास्तर, इ. ८वी" असं लिहिलं की वाचणारा पुढं सरकतो. "कबड्डी: गावातल्या शाळेच्या मुलींच्या संघाचा सराव घेते, स्वतः जिल्हास्तरापर्यंत खेळलेली" असं लिहिलं की तो थांबतो. सुरुवात जुनी असू दे, शेवट ताजा पाहिजे. तबला-पेटी शिकणाऱ्या मुलांचंही तेच. चौथीत प्रारंभिक दिली हे लिहायचं नाही. आज मध्यमा पूर्ण झाली असेल तर ती लिहायची आणि पुढं "इ. ४थीपासून". सप्ताहात पखवाज वाजवणारी पोरं हे लिहायला लाजतात, का ते मला कळत नाही. आठ दिवस पहाटे काकड्याला वेळेवर हजर राहणारा मुलगा पहिल्या शिफ्टला उशिरा येणार नाही, असा निदान मी तरी अंदाज बांधतो.

खेळ लिहायचा तर खेळ आठवला पाहिजे. वाळूजला एका मुलाखतीत कबड्डीची ओळ बघून साहेबांनी सहज विचारलं, बोनस कधी मिळतो? ते स्वतः कोल्हापूरकडं खेळलेले. समोर सहा किंवा जास्त बचावपटू असताना चढाईवाल्यानं बोनस रेषा ओलांडली आणि मागचा पाय हवेत असला की बोनस, हे कबड्डीच्या पोराला झोपेत सांगता येतं. त्या मुलाला आलं नाही. त्यानंतर त्याच्या मशीन शॉपच्या प्रोजेक्टवरही कुणाचा विश्वास बसेना. खेळाची ओळ खोटी ठरली की शेजारच्या खऱ्या ओळीही संशयात जातात, म्हणून ही परीक्षा घरीच घे. प्रत्येक ओळीवर भावाला दोन उलटसुलट प्रश्न विचारायला सांग.

वक्तृत्व, सातवी, तालुक्यात दुसरी. काढ. १७ सप्टेंबरला मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळेत कुणीतरी मुक्तिसंग्रामावर भाषण करतं, आणि सातवीतलं भाषण बहुतेक वेळा बाईंनी लिहून दिलेलं असतं. त्याऐवजी दुकानात चिडलेल्या शेतकऱ्याला लॉट आणि उगवणीचं समजावून सांगतेस ते तुझं आजचं वक्तृत्व. ते वरच्या ओळीत आलंच आहे.

गाईड काढ. राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत गेली असतीस तर ठेव म्हटलं असतं. एनसीसीतही हाच हिशोब. वरची पायरी लिहिली की खालची आपोआप त्यात आली. कॉलेजात सी प्रमाणपत्र मिळालं असेल तर शाळेतलं ए आणि मधलं बी लिहून रकाने भरायचे नाहीत.

वॉटर कपचं मला मनापासून सांगायचंय. २०१६ ला पहिल्या वर्षी राज्यात तीनच तालुके होते, त्यात आपलं अंबाजोगाई. त्याच उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. चौथी झालेल्या लेकरानं त्या उन्हात टोपल्या उचलल्या असतील तर ती आठवण मोठीच आहे, पण ती आठवण आहे. बायोडाट्यात एकटी ठेवली तर लहानपणीचा फोटो चिकटवल्यासारखी दिसते. तुझ्याकडे मात्र तिला जोडायला धागा आहे: एनएसएस. दोन वर्षांत २४० तास आणि दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर, एवढं प्रत्येक स्वयंसेवकाचं असतं. मग तुझ्यात वेगळं काय? शिबिरात सलग समतल चर खोदले असतील, शोषखड्डे केले असतील, विहिरींच्या पाणीपातळ्या मोजल्या असतील, पाण्याचे नमुने तुझ्याच डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये नेऊन तपासले असतील, तर ते लिही. "एनएसएस, दोन वर्षे" एवढं लिहिणाऱ्या शंभर जणांत तू मिसळून जातेस. "दत्तक गावातल्या पिण्याच्या पाण्याच्या नमुन्यांची जिवाणू तपासणी, एनएसएस शिबिर" असं लिहिणारी एखादीच असते. आणि मुलाखतीत पाण्यात रस कसा आला असं विचारलं, की मग अंबाजोगाईचा उन्हाळा सांग. तिथं तो शोभेल.

शिबिरात यातलं काही घडलंच नसेल, नुसती ग्रामस्वच्छता आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम झाला असेल, तर अजून एक सेमिस्टर हातात आहे. तुमच्या सरांना विचार, पाण्याचे नमुने गोळा करायला परवानगी आणि बाटल्या मिळतात. उपक्रम नाहीत म्हणून रडणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो की शाळेतलं उकरण्यापेक्षा चार महिन्यांत एक खरं काम होतं.

मंडळ आणि जयंतीचं तू विचारलं नाहीस, पण बाकीचे वाचताहेत म्हणून. शिवजयंती, भीमजयंती, गणेशोत्सव यांच्या समित्यांत पोरं वर्षानुवर्षं राबतात आणि बायोडाट्यात लिहावं की नाही म्हणून घुटमळतात. मी म्हणतो काम असेल तर लिहा. "सदस्य" लिहू नका, त्यात काही नाही. वर्गणीचा हिशोब ठेवून तो जाहीर वाचून दाखवला असेल, मिरवणुकीच्या परवानगीसाठी पोलीस स्टेशनला खेटे घातले असतील, रक्तदान शिबिराला रक्तपेढी आणली असेल, तर तेवढं लिहा. राजकीय पक्षाच्या युवा आघाडीचं पद मात्र खासगी नोकरीच्या अर्जात नको. पद मोठं असो की छोटं, समोरचा कुठल्या बाजूचा आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

काही दारं अशी आहेत जिथं माझा हा सगळा सल्ला उलटा होतो. एसएसबीला, म्हणजे सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या निवडीला, जाणाऱ्यांना माहितीचा फॉर्म भरावा लागतो. त्यात खेळ, छंद, एनसीसी, जबाबदारीची पदं सगळं विचारतात आणि मुलाखतीत शाळेपासून उलगडत जातात. तिथं कबड्डी, गाईड, वर्गाची मॉनिटरशिप सगळं आठवून लिहायचं. संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेत दहावीनंतर प्रवेश घेणाऱ्या मुलाकडं तर शाळेशिवाय दुसरं काही असूच शकत नाही. यूपीएससीच्या सविस्तर अर्जातही बक्षिसं, खेळ, छंद यांचे रकाने असतात आणि त्यावर प्रश्न येतात. परदेशी विद्यापीठांना पदवीसाठी अर्ज करणारी मुलं आपल्याकडं थोडी, पण अमेरिकेत शेकडो विद्यापीठांना चालणारा जो सामायिक अर्ज आहे, त्यात दहाच उपक्रम लिहिता येतात, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, आणि इयत्ता नववीपासूनचं विचारतात. म्हणजे तिथंही सहावीच्या मेडलला जागा नाही. सरकारी नोकरीचा प्रकार आणखी वेगळा. तलाठी किंवा लिपिकाच्या परीक्षेत बायोडाटा कुणी बघत नाही. खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात मात्र प्रमाणपत्रच सगळं असतं. ते ठरलेल्या स्तराचं पाहिजे आणि क्रीडा विभागाकडून त्याची पडताळणी होते. तालुक्याच्या सहभागावर तिथं काही होत नाही.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेल्यांनी हे वाचून शाळेतलं सगळं पुसून टाकू नये. पहिल्या वर्षी इंटर्नशिप किंवा क्लबसाठी अर्ज करताना शाळेतल्या तीन-चार ओळी चालतातच, दुसरं काय असणार? दुसऱ्या वर्षी त्यातल्या दोन राहाव्यात. शेवटच्या वर्षी एक, किंवा शून्य.

स्तर लिहिताना एक काळजी घ्या. "केंद्रस्तर", "बीटस्तर" हे पुण्या-बंगळुरूच्या एचआरला कळत नाही. कंपनी बाहेरची असेल तर "दहा-बारा शाळांत पहिली" असं लिहिलं की काम होतं. शाळा किती होत्या ते आठवत नसेल तर ती ओळ तशीही लिहिण्याजोगी नव्हती.

तर तुझ्या पानावर शिक्षणाखाली एनएमएमएसची अर्धी ओळ. कामाचा अनुभव म्हणून दुकान, तीन ओळी. उपक्रमांत एनएसएस पाण्याच्या कामासह, आणि मॉडेल खरंच तुझं असेल तर इन्स्पायर. कबड्डी, आज त्यात काही करत असशील तरच. बाकी मोकळी राहिलेली जागा लॅबमध्ये तू हातानं काय काय केलंस त्याला दे: जिवाणू वाढवायचं माध्यम तयार करणं, ऑटोक्लेव्ह, स्ट्रीकिंग, वसाहती मोजणं. ट्रेनीची जागा शेवटी त्यावरच मिळते. मामांना सांग की काढलेलं काही फेकून दिलेलं नाही. सगळी प्रमाणपत्रं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेव, मुलाखतीला मूळ फाईल सोबत ने, पण विचारल्याशिवाय उघडू नको. लॅमिनेट केली नसतील तर आता करूही नको. काही ठिकाणी पडताळणीत लॅमिनेट केलेलं मूळ प्रमाणपत्र घ्यायला कुरकुर करतात.

नावाचं: खासगी कंपनीला गाईडच्या प्रमाणपत्रावरच्या नावानं फरक पडत नाही, आणि तू ते लिहिणारही नाहीस. पण कबड्डीच्या जिल्हास्तराच्या प्रमाणपत्रावर किंवा एनएमएमएसच्या कागदावर नाव, वडिलांचं नाव किंवा जन्मतारीख दहावीच्या मार्कमेमोशी जुळतं का ते आजच बघ. जुळत नसेल तर शाळेत जाऊन जनरल रजिस्टरच्या उताऱ्यासह मुख्याध्यापकांचं पत्र घे, की दोन्ही नावं एकाच विद्यार्थिनीची आहेत. जुने गुरुजी निवृत्त व्हायच्या आत घेतलंस तर एका सकाळीत काम होतं.